एकवीस वर्षांचा मळ

गिरजाबाईने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, पण ती एकवीस वर्षं टिकली. सावळखेडच्या चहाच्या टपरीवर याहून मोठ्या थापा रोज सकाळी मारल्या जातात आणि दुपारच्या आत त्यांचा फज्जा उडतो. गिरजाबाईची टिकली, कारण तिच्यावर रोज थोडं तेल, थोडी धूळ आणि थोडा धूर बसत गेला.

थाप अशी, की दारातल्या जीपचं इंजिन कधी धुवायचं नाही. "इंजिनाच्या आंगावरचा मळ म्हंजे त्याचं पांघरून असते. काढलं का त्याले सर्दी होते," असं वाशीमला रिसोड नाक्यावर गॅरेज असलेल्या हरिसिंग मिस्त्रीने आपल्याला सांगितलंय, असं ती नवऱ्याला सांगत आली होती. हरिसिंगने असलं काही सांगितलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच बारा महिने सर्दी असायची, तिचा आणि इंजिनाचा काही संबंध नव्हता.

आणि दौलतरावांनी ते ऐकलं! दौलतराव म्हणजे धुतलेलं ताट जेवायच्या आधी पुन्हा एकदा धोतराने पुसून घेणारा माणूस. वांग्याच्या वाफ्यात गवताची काडी दिसली तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दर रविवारी जीप विहिरीवर नेऊन घासायची, काचा जुन्या पेपरने पुसायच्या, टायरच्या खाचांमधले खडे खिळ्याने एकेक करून उकरायचे. पण बॉनेट उघडलं की तेल-पाणी बघून ते मुकाट्याने खाली टाकायचे. आत काळाकुट्ट थर नुसता लोंबत होता. नवख्या माणसाने पाहिला असता तर त्याला त्या दिवशी जेवण गेलं नसतं.

खरी गोष्ट ही, की त्या थराखालचं इंजिन दौलतरावांचं नव्हतंच. हे फक्त दोघांना माहीत होतं, गिरजाबाईला आणि हरिसिंगला. हरिसिंग दोन वर्षांपूर्वी वारला. मानलेला का होईना, भाऊ होता, म्हणून गिरजाबाई पोटभर रडली. पण त्याच्या तेरवीच्या पंगतीत बसल्या बसल्या तिच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला, की आता हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की पानातला लाडू तिने तसाच ठेवला.

यंदा जीपच्या आरटीओ पासिंगची मुदत आली. आजवर पासिंग म्हणजे एजंटाच्या हातात गाडीचं पुस्तक द्यायचं, लाइट आणि हॉर्न दाखवायचा, शिक्का घ्यायचा आणि येताना जिलबी आणायची. यंदाचा साहेब मात्र नवा होता, त्यात तरुण, त्यात कामसू. त्याने बॉनेट उघडायला लावलं, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि म्हणाला, "काका, हे इंजिन आहे की डांबराचा पिंप? नंबर कुठं आहे? धुवून आणा. नंबर वाचता आला पाहिजे आणि पुस्तकातल्या नंबराशी जुळला पाहिजे."

दौलतरावांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. गिरजाबाई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होती. तिच्या हातातली सुतळी सुटली आणि जुडी मांडीवर पसरली.

"जुळला पाह्यजे म्हंजे?" तिने विचारलं.

"म्हंजे पुस्तकात जो नंबर हाय, तोच इंजिनावर पाह्यजे. नाही तं गाडी चोरीची समजतात." दौलतराव आरामात पायातली चप्पल काढत होते. "उद्या सकाळी धुऊन टाकू. परवा नेऊन दाखवतो."

"अन् सर्दी झाली तं?"

"एकवीस वर्षं पांघरून घेतलं त्यानं. आता जराशी हवा खाऊ दे."

आज मंगळवार आहे, वार बरा नाही, असं गिरजाबाईने म्हणून पाहिलं, तर दौलतराव म्हणाले की धुवायचं उद्या आहे, बुधवारी. मग तिने गोपालला फोन लावला. गोपाल तिचा मुलगा, वाशीमला कृषी केंद्रात कामाला. त्याने तरी बापाला अडवावं अशी तिची आशा. तो म्हणाला, "आई, धुऊ दे ना. मी तं दहा वर्षांपासून म्हनून राह्यलो." पोटचं पोरगंही उलटलं म्हणताना तिने फोन ठेवला आणि सुटलेली जुडी तीनदा बांधली.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. जीप आली तेव्हा सावळखेडात दुसरी चारचाकी नव्हती. भाजीचा धंदा असा, की पहाटे तोडलेला माल हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आत वाशीमच्या बाजारात पोचला तर सोनं, नाही तर बकऱ्यांचं खाणं. म्हणून दौलतरावांनी जुनी जीप घेतली आणि दोनच महिन्यांत बायकोलाही चालवायला शिकवली. शाळेच्या मैदानात ती गाडी गरागरा फिरवायची आणि कुंपणावर अख्खं गाव बसलेलं असायचं. टपरीवर लोक म्हणायचे, "दौलत्या, आता तू पोया लाट." दौलतराव म्हणायचे, "लाटीन ना. मले गोल येतात."

मग ते विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. अकोल्याच्या दवाखान्यात तीन महिने पाय टांगून पडायची वेळ आली. भाजी काही कोणाच्या पायासाठी थांबत नाही. गिरजाबाईने पदर खोचला, लहानग्या गोपालला जावेकडे ठेवला आणि रोज पहाटे जीप काढायला लागली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. ती मान ताठ ठेवून, हॉर्न जरा जास्तच वाजवत जायची. खरं सांगायचं तर ते दिवस तिला फार आवडले होते. नवरा दवाखान्यात असताना आपल्याला हे आवडतंय, याचंही तिला वाईट वाटायचं, पण आवडायचं.

आणि चैत्रातल्या एका सकाळी, वाशीम दोन कोसांवर असताना, बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली. काटा केव्हाचा वर चढला होता, पण तिचं लक्ष रस्त्यावर होतं. गाडीत पालक आणि सांबार होता. कोथिंबिरीला तिकडं सांबार म्हणतात आणि उन्हात सांबारावर शिंपडायला पाण्याच्या दोन कॅना कायम सोबत असतात. बागायती घरातल्या बाईला जन्मापासून एकच औषध माहीत, जे जे मान टाकेल त्याला पाणी घालायचं. तिने बॉनेट उघडलं आणि लालभडक तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची अख्खी कॅन ओतली.

आवाज आला तो तिला अजून ऐकू येतो. निरोप धाडल्यावर हरिसिंगने येऊन पाहिलं आणि तो तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. "ताई, हे गेलं," तो म्हणाला. इंजिनाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. सांबारावरचा उपाय लोखंडाला चालत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

हरिसिंगकडे उलटलेल्या एका जीपचं चांगलं इंजिन पडून होतं. सहा दिवसांत त्याने ते बसवलं. पैसे थोडेच घेतले आणि उरलेल्यांबद्दल म्हणाला, भाजी देत जा. तेव्हापासून दर शुक्रवारी त्याच्या घरी भाजीची थैली जायची आणि राखीला राखी. इंजिन बाहेरून चकचकीत होतं, हीच पंचाईत. गिरजाबाईने गॅरेजातलं जळकं तेल घेतलं, त्यात रस्त्यावरची माती कालवली आणि स्वतःच्या हातांनी त्या इंजिनाला चोपडलं, अगदी नवरीला हळद लावतात तसं, एकही कोपरा न सोडता.

हरिसिंग म्हणाला होता की दौलतभाऊंना मी समजावून सांगतो. तीच नको म्हणाली. नवरा रागावेल याची तिला भीती नव्हती. दौलतराव रागावले तर फार तर दुपारचं जेवायचे नाहीत आणि चार वाजता येऊन भाकर मागायचे. भीती टपरीची होती. ज्या माणसाने अख्ख्या गावासमोर बायकोच्या हातात किल्ली दिली, त्यालाच उद्या गाव म्हणणार, दे अजून बाईच्या हाती गाडी. त्यांची मान खाली गेलेली तिला बघवली नसती. आणि किल्ली पुन्हा आपल्या हातात देताना ते जरा तरी थबकतील, तेवढं थबकणंही तिला सोसलं नसतं.

दौलतराव काठी टेकत घरी आले, तसे आधी जीपमध्ये जाऊन बसले. सेल्फ मारला. मान एका बाजूला कलती करून बराच वेळ ऐकत राहिले. मग बंद करून म्हणाले, "लय सांभाळलं तू." आणि टपरीवर जाऊन सांगितलं, "तीन महिने गिरजानं चालवली. एक नट इकडचा तिकडं नाही!" हे वाक्य त्यांनी पुढं एकवीस वर्षं, जो भेटेल त्याला, लग्नात, बारशात, बाजारात ऐकवलं. दर वेळी गिरजाबाईच्या काळजात काटा रुतायचा.

बुधवारी सकाळी जीप घरासमोरच्या विहिरीजवळ, लिंबाखाली उभी राहिली. दौलतरावांनी डबाभर डिझेल, दोन ब्रश, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि एक पातळ पत्रा असा सरंजाम मांडला. चेहरा असा उजळला होता, जणू पोळ्याचे बैल धुवायला निघाले होते. गिरजाबाईने स्वयंपाकघरातलं मोडक्या दांड्याचं उलथनं आणलं.

"तू कायले हात खराब करतं?" दौलतराव म्हणाले.

"डाव्या आंगाचं मी करतो. तुमी तिकडून करा." तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही करतो, जातो म्हणतात, तशी ती बोलत होती. डाव्या अंगालाच नंबर होता. हरिसिंगने तिला जागा दाखवून ठेवली होती.

दोघं दोन बाजूंनी वाकले. उलथनं थराखाली घातलं की मळ खापरासारखा सुटून यायचा. वर मऊ ग्रीस, त्याखाली धूळ घट्ट बसलेली, त्याखाली पुन्हा तेल. मध्येच एखादी तांबडी रेघ, कॅनॉलचं काम चालू होतं त्या वर्षीची माती. सोयाबीनचं भूस. एक वाळलेली गांधीलमाशी. चिमणीचं पीस, ते कसं गेलं कोणास ठाऊक. गिरजाबाईला वाटलं, आपण दोघांनी काढलेली सगळी वर्षं यात आहेत आणि आपण ती उलथन्याने काढून टाकतोय. तिला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी खालचं करडं लोखंड दिसायला लागलं की बरंही वाटत होतं.

"पाह्य, पाह्य," दौलतराव लहान पोरासारखे म्हणाले, "इथी हिरवा रंग हाय! मले मालूमच नोतं का हे हिरवं हाय."

कसं मालूम असेल, गिरजाबाई मनात म्हणाली. तुमचं निळं होतं.

ती नंबराच्या जागेच्या भोवतीनं घासत राहिली. वर साफ केलं, खाली साफ केलं, मधे तळहाताएवढा काळा गोळा तसाच ठेवला. घासता घासता तिने ठरवलं, की आता सांगून टाकायचं.

"अवो, ऐका ना."

"डिझेल सरकव इकडं."

तिने डबा सरकवला. थोड्या वेळाने पुन्हा धीर केला. "तुमाले एक सांगाचं होतं."

"सांग ना." दौलतरावांनी काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. नाकाला ग्रीस लागलेलं, डोळे अगदी निवांत.

"मेथीले पानी सोडाचं राह्यलं," ती म्हणाली.

"सोडू ना दुपारी." ते पुन्हा वाकले. तिची एक बट सुटून डोळ्यांवर आली होती. हात माखलेले, म्हणून तिला ती मागं घेता येईना. दौलतरावांनी इंजिनावरून हात लांबवला आणि मनगटाच्या मागच्या बाजूने ती बट सारली. तिथंही थोडं ग्रीस लागलंच. एवढ्याशा गोष्टीने गिरजाबाई रडायच्या बेतात आली. ज्या माणसाला फसवायचं, त्याने निदान आपल्याशी असं वागू नये.

अकरा वाजता उजवी बाजू लखलखीत झाली. दौलतराव कमरेवर हात ठेवून फिरून डावीकडे आले.

"हे काहून राह्यलं?"

"तिथी कडक हाय. निंघत नाही."

"सरक."

ती सरकली. दौलतरावांनी गोळ्यावर डिझेल ओतलं, पत्रा खाली घातला आणि तो काळा गोळा एका झटक्यात निघून खाली पडला. मग त्यांनी ब्रश मारला, चिंधी फिरवली. लोखंडावर ठोकलेले आकडे दिसले. त्यांनी खिशातून खडू काढला आणि त्यावर घासला, तसे आकडे काळ्या पाटीवर लिहावे इतके स्वच्छ उठून आले.

"पुस्तक आन बरं पेटीतून," ते म्हणाले.

गिरजाबाई घरात गेली. पेटी उघडली, पुस्तक काढलं. ते चुलीत घालावं, विहिरीत टाकावं, उंदराने नेलं म्हणावं, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती पेटीशेजारी बसली आणि तिला एकदम थकवा आला. एवढी वर्षं एवढं जड धरून ठेवलंय आणि त्याचा कोणाला काय उपयोग झाला, असं वाटलं. आकड्याने सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. तो माणूस तेवढ्याचा तरी हक्कदार आहे.

ती पुस्तक घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावरूनच बोलली, कारण जवळ गेल्यावर बोलता आलं नसतं.

"जुळनार नाही ते."

"काहून?"

"ते इंजिन तुमचं नाही. तुमचं माह्या हातानं फुटलं. तुमी दवाखान्यात होते तेव्हा. हे हरिसिंगदादानं दुसरं बसवलं. मी तुमाले खोटं बोलली. सर्दी-बिर्दी काही नसते इंजिनाले."

बोलून झाल्यावर तिने डोळे मिटून घेतले. दौलतरावांनी हातातला खडू खिशात ठेवला. लिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

"बरं," दौलतराव म्हणाले. "तू वाच तं खरं."

"काय वाचू? सांगतलं ना जुळत नाही."

"वाच. सातवी शिकेल हाय ना तू."

तिला वाटलं, धक्क्याने माणूस सुन्न झाला. तिने पुस्तक उघडलं, इंजिनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं कोणीतरी जुन्या नंबरावर लाल रेघ ओढून खाली नवा लिहिलेला होता. ही खाडाखोड कसली ते तिला कळेना. ती खालचा वाचायला लागली.

"चार."

"बराबर," दौलतराव इंजिनात डोकं घालून म्हणाले.

"सात."

"बराबर."

"शून्य... दोन."

"बराबर. बराबर."

ते उगीच बराबर म्हणताहेत, असं तिच्या मनात आलं. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढलेला माणूस. तिने पुस्तक छातीशी धरलं, त्यांना खांद्याने बाजूला सारलं आणि स्वतः वाकून पाहिलं. चार, सात, शून्य, दोन, नऊ, नऊ, एक. पुस्तकात पाहिलं. चार, सात, शून्य, दोन, नऊ, नऊ, एक. पुन्हा इंजिनावर पाहिलं. लाल रेघेशेजारी शिक्का होता, सही होती आणि तारीख होती. एकवीस वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली. दौलतराव तेव्हा काठी घेऊन चालायचे. पायाचा फोटो काढायला म्हणून एकटेच वाशीमला गेले होते. ती सोबत येते म्हणाली, तर नको म्हणाले होते.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"सेल्फ मारला तेव्हाच समजलं. माह्या गाडीचा आवाज मले नाही समजनार काय? तो घोगरा होता, हा नाकातून बोलते." दौलतराव चिंधीने बोटं पुसत होते. "हरिसिंगले इचारलं. थो म्हने, बदललं एवढं खरं, बाकी ताईले इचारा. म्हनून पुस्तकात नोंद करून आनली, बस."

आता गिरजाबाईला राग आला. खरा, सणसणीत राग. तिने हातातली ग्रीसने भरलेली चिंधी नवऱ्याच्या छातीवर फेकली. "मंग एकवीस वर्षं मले बोलले काहून नाही? दर पासिंगले मी देव पान्यात ठेवून बसत जाय! अन् तुमी टपरीवर जाऊन, एक नट इकडचा तिकडं नाही! मले वाटे जमीन फाटावी!"

"ते टपरीसाठी होतं, तुह्यासाठी नोतं. तसं म्हनलं नसतं तं त्याइनं तुले गाडीवर बसू देल्लं नसतं."

"मले इचाराचं तं होतं!"

दौलतरावांनी छातीवरची चिंधी काढून घडी केली. चिंधीची घडी करायची सवयही त्यांचीच. "तू लय भेलेली होती, गिरजा. भेलेल्या मानसाले इचारलं का थो अजून एक खोटं बोलते, अन् मंग अजूनच भेते. मी म्हनलं, तूच सांगशीन एखाद्या दिवशी. वाट पाह्यत होतो." ते जरा हसले. "अन् शुक्रवारची थैली हरिसिंगच्या घरी कोन नेऊन देत होतं? मीच ना? चांगले वांगे निवडून टाकत होतो मी त्यात."

गिरजाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता तिला ती निवडलेली वांगी आठवून हसू यायचं आणि हसू आलं की पुन्हा रडू यायचं. दौलतराव शेजारी उकिडवे बसून राहिले. बायको रडायला लागली की काय करावं हे त्यांना चाळीस वर्षांत उमगलं नव्हतं. पण आज त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. आपण काही तरी मोठं जपलं, शेवटपर्यंत नीट पार पाडलं, असं वाटणाऱ्या माणसाचं समाधान.

"चाल, हात धू," ते शेवटी म्हणाले.

ग्रीस नुसत्या पाण्याने जात नाही. त्यांनी वाटीत धुण्याची पावडर घेतली, वर लिंबू पिळलं आणि तिचे हात स्वतःच्या हातात घेतले. ती नको नको म्हणाली. ते एकेक बोट घेऊन घासायला लागले, नखांच्या कडा काडीने कोरून काढल्या, जसे टायरमधले खडे काढायचे तसे. पंजे स्वच्छ झाले. मग ते मनगटावर आले. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक गडद पट्टा होता, पिंपळाच्या पानाएवढा. ते तिथं घासत राहिले.

"हे निंघत नाही," ते म्हणाले.

"ते ग्रीस नाही. भाजलेलं हाय."

"हो, तव्याचं." ते हसले. "मी दवाखान्यात पडेल होतो, अन् तू पट्टी बांधून आली होती. म्हनली, तवा लागला. मी काय म्हनलं होतं? गाडी चालवाले निंघाली, अन् पोयी भाजता येत नाही."

गिरजाबाईला वाटलं, आता कशाला लपवायचं.

"तवा नोता," ती म्हणाली. "त्या दिवशी पह्यले मी रेडिएटरचं झाकन उघडलं. सगळी वाफ हातावर आली. मंग पानी ओतलं."

दौलतरावांचे हात थांबले. ते त्या पट्ट्याकडे बघत राहिले. रोज जेवण वाढताना तो त्यांच्या ताटासमोरून जात होता. एकवीस वर्षं रोज दोनदा.

"त्याच हातानं तू मले संत्र सोलून देल्लं होतं," ते म्हणाले. "पलंगावर बसून."

"हो."

"मले वाटे मले सगळं मालूम हाय." चेहऱ्यावरचं समाधान पार उतरलं होतं आणि आता ते फक्त एक म्हातारा माणूस दिसत होते. "लय दुखलं होतं काय?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण, तिने सांगितलंच नव्हतं. आता काय त्याचं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"लय," ती म्हणाली. "लय दुखलं."

दौलतरावांनी बादलीतून लोटा भरला आणि तिच्या मनगटावर हळूहळू पाणी धरलं. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. विहिरीचं पाणी वाया घालवलं की घर डोक्यावर घेणारी बाई, पण तिने त्यांना थांबवलं नाही. लोटा रिकामा झाला. त्यांनी तो पुन्हा भरला.